पोस्टर राहू द्या, आधी हजेरीपट उघडा

प्रश्न विचारणाऱ्या ताई तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या एका अंगणवाडीत दीड वर्षापासून सेविका आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रशिक्षणात ‘बालहक्क आणि सामाजिक न्याय’ यावर एक तास झाला, एक पोस्टर मिळालं, ते भिंतीला लावलं. पण तीन-चार वर्षांच्या पोरांना हे शिकवायचं कसं? शिवाय रोजच्या अडचणी आहेत तीन. दोन घरं आपल्या मुलांना आहाराच्या वेळेआधी घेऊन जातात, कारण आहार शिजवणारी मदतनीस त्यांना ‘चालत’ नाही. गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, त्यांची लहान मुलं फडात असतात. त्यांचं आधार नाही, तर नाव घ्यायचं की नाही? आणि बाकीचे पालक म्हणतात, एबीसीडी शिकवा, नाहीतर नर्सरीत घालतो. यात हक्काचं काय आणि न्यायाचं काय, असा त्यांचा प्रश्न.

ताई, मी आधी सेविका होते, मग पर्यवेक्षिका झाले. सगळी मिळून अठ्ठावीस वर्षं याच कामात गेली. तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही, की तुम्ही ‘शिकवायचं कसं’ हा प्रश्न वर लिहिलात आणि अडचणी खाली. मी उलटं लिहिलं असतं. तीन वर्षांचं मूल न्याय ऐकून शिकत नाही. कोण कुठं बसतं, कुणाला आधी वाढलं जातं, झाडू आणायला कुणाला पाठवतात, कुणाचं नाव घेताना बाईंचा आवाज बदलतो, हे सगळं ते टिपत असतं. तेवढ्यावरून त्याला जग कळतं. त्यामुळे पोस्टरचा विषय मी बाजूला ठेवते आणि तुमच्या अंगणवाडीच्या मांडणीबद्दल बोलते.

आधी माझीच एक चूक सांगते. नवीन सेविका होते तेव्हा मला कुणीतरी सुचवलं की मुलांना स्वच्छतेची गोडी लावायची तर बिल्ला सुरू करा. मी पुठ्ठ्याचा तारा कापला, सोनेरी कागद चिकटवला. रोज सकाळी नखं, केस, कपडे बघायचे आणि ‘आजचं स्वच्छ मूल’ म्हणून एकाच्या छातीवर तो तारा लावायचा. पोरं खूष, आयाही खूष. पर्यवेक्षिकाबाईंनी शेरा चांगला लिहिला. दीड-दोन महिन्यांनी लक्षात आलं, की तारा चार-पाच मुलांतच फिरतोय आणि वस्तीवरची एक मुलगी यायची बंद झालीय. घरी गेले. तिची आई म्हणाली, “बाई, टँकर आठ दिवसांनी येतो. पोरीला रोज कुठनं आंघोळ घालू? ती म्हणती, मला तारा मिळत नाही, मी जात नाही.”

मी त्या बाईच्या पाण्याच्या टंचाईचे गुण तिच्या पोरीला देत होते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. या वयातला अन्याय बहुतेक वेळा असाच असतो. तो शिवी देत येत नाही, सोनेरी कागद लावून येतो. नंतर आम्ही बिल्ला बंद केला, एक बादली, एक मग, दोन कंगवे आणि नखं कापायचं यंत्र अंगणवाडीतच ठेवलं, आणि आल्यावर हातपाय धुणं हा सगळ्यांचाच पहिला तास केला. सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा, घरून न्हाऊन आलेल्यांचासुद्धा. ही युक्ती माझी नव्हे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला हेच केलं होतं.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा लिहितो, पण तो आला कुठून हे प्रशिक्षणात क्वचित सांगतात. ताराबाईंनी गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचं काम केलं होतं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठी ते काम उत्तम चाललं होतं. पण ती साधनं महाग, ती शाळा थोड्यांची. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. शिंपले, बिया, खडे, पानं, मातीची भांडी हीच साधनं झाली. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी मुलांची वाट बघणं सोडलं आणि बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली मुलं गुरं राखायला जायची म्हणून कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतात तिथंच शाळा. तान्ह्यांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी केली, कारण मोठी बहीण तान्ह्याला सांभाळायला घरी राहिली की तिची शाळा बुडते, हे त्यांना दिसलं होतं. आपल्या अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. तेव्हा देशभरात ३३ प्रकल्प निघाले, महाराष्ट्रात धारावी आणि मेळघाटातलं धारणी. त्याच्या तीस वर्षं आधी, मूल येत नसेल तर दोष मुलाचा की जागेचा, हा प्रश्न या बायकांनी सोडवून दाखवला होता. म्हणून तुमच्या तिन्ही अडचणींना माझं पहिलं म्हणणं एकच: जे मूल आलं नाही किंवा आलं आणि मधूनच गेलं, त्याच्या जागी उभं राहून अंगणवाडी बघा.

आता मदतनीसबाईंचं. तुम्ही पत्रात त्यांचं नाव लिहिलं नाहीत आणि जातही लिहिली नाहीत, हे बरं केलंत. पण तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलं. माझ्या कामाच्या काळात असं उघड म्हणणारे कमी भेटले. ‘आमच्या पोराला बाहेरचं पचत नाही’, ‘तिखट असतं’, ‘डबा देतो आम्ही’ असं म्हणणारे पुष्कळ. आणि खरंच पचत नसलेलं मूलही असतं, त्यामुळे घाईने शिक्का मारू नका. आठ दिवस नुसतं बघा. तुम्ही स्वतः डाव हातात घेऊन वाढलंत तर ते मूल थांबतं का? बाहेरून आलेला केळी-बिस्किटांचा खाऊ खातं का? उत्तर आपोआप मिळेल.

आमच्या एका केंद्रात हेच झालं तेव्हा मी सेविकेला तीन गोष्टी करायला सांगितल्या. एक, तिने स्वतःचा डबा आणणं बंद करायचं आणि मुलांच्या ओळीत बसून, मदतनीसबाईंनी वाढलेली खिचडी सगळ्यांआधी खायची. रोज. दोन, वाढप्याची पाळी लावायची: रोज दोन मुलं मदतनीसबाईंच्या हाताखाली ताटल्या देतील, पाणी देतील. या पाळीत सगळ्या घरांची मुलं येतील. चार वर्षांच्या मुलाला वाढायला मिळणं ही केवढी चैन असते ते तुम्हाला माहीत आहे. पाळी आलेली असताना आजी न्यायला आली, तर तेच मूल ओरडून घर डोक्यावर घेतं. तीन, ओळ न करता गोल. ओळीला पहिला आणि शेवटचा असतो.

कुणालाही भाषण दिलं नाही. महिना-सव्वा महिन्यात दोनपैकी एक घर निवळलं. पोरच ऐकेना, म्हणून निवळलं. त्या पोराने एकदा मदतनीसबाईंना सरळ विचारलं होतं, “तुमच्या हातचं खाल्लं तर काय होतं?” बाई म्हणाल्या, “पोट भरतं.” आणि त्याला आणखी एक डाव वाढला. दुसरं घर शेवटपर्यंत निवळलं नाही. हेही सांगायला हवं. सगळं सुधारतं असं नाही.

पण एक रेघ आहे, ती ओळखून ठेवा. आपल्या मुलाला घरी नेऊन जेवू घालणारा बाप चुकीचा असेल, त्याच्याशी गोडीनं वागता येतं. पण ‘ही बाई बदला’, ‘आमच्या मुलांना वेगळं बसवा’, ‘वेगळ्या ताटल्या ठेवा’ अशी मागणी आली, की तो घरातला प्रश्न राहत नाही. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली आहे, त्यावर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. इथे तुम्ही एकट्या पडू नका. अशी मागणी तोंडी आली तर एवढंच म्हणा: “लेखी द्या, मी प्रकल्प कार्यालयात पाठवते.” माझ्या अनुभवात लेखी द्या म्हटल्यावर आवाज खाली येतो, कागदावर सही करून असं मागायला कुणी पुढं येत नाही. आणि मदतनीसबाईंना आधी विचारा, त्यांना काय हवंय. आपण मुलांच्या हक्कावर इतकं बोलतो, की ज्या बाईचा रोज अपमान होतोय ती स्वयंपाकाच्या खोलीत एकटीच राहते. एका केंद्रात ‘वाद नको’ म्हणून वरिष्ठांनी मदतनिसीला स्वयंपाकातून काढून फक्त झाडलोटीला ठेवायला सुचवलं होतं. वाद मिटला असता, पण कुणाला शाबासकी मिळाली असती तेही पोरांनी बघितलं असतं.

झाडलोटीवरून आठवलं. आठवडाभर एका वहीत फक्त एवढं लिहा: आज झाडू, पोछा, पाणी, चपला नीट लावणं हे काम मी कुणाला सांगितलं. प्रामाणिकपणे लिहा. मी लिहिलं होतं. सहा दिवसांत एकदाही मी मुलग्याला झाडू आणायला सांगितलं नव्हतं, आणि ज्या दोन मुलींना सांगितलं होतं त्या दोघी एकाच वस्तीतल्या. मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं तेव्हा. त्या वहीने उतरवलं.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल तुमचा प्रश्न सोपा आहे आणि काम अवघड. नाव घ्यायचं का? घ्यायचंच. आधारसाठी अडून बसू नका. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की आधार क्रमांक दाखवता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये, मुलाची नोंद आईच्या आधारावर होते आणि स्थलांतरित होऊन आलेल्यांची नोंद घ्यायची सोय आहे. आईचंही आधार गावाकडे पेटीत राहिलं असेल तर कच्च्या रजिस्टरला नाव लिहा, वजन-उंची घ्या, आहार द्या आणि पर्यवेक्षिकेला त्याच आठवड्यात लेखी कळवा. ॲपमध्ये नाव चढलं नाही म्हणून पोर उपाशी परत पाठवलं, असं होऊ देऊ नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा कायदेशीर हक्क आहे. तो आहार मूल जिथं आहे तिथं मिळायचा आहे.

अवघड काय, ते तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय: ‘मुलं फडात असतात.’ कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. दसरा-दिवाळीला निघायचं आणि उन्हाळा लागल्यावर परतायचं. शाळेत जाणारी थोरली भावंडं गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतात. सहाच्या आतलं पोर मागं ठेवायची सोयच नसते, त्यामुळे फडात येतात ती मुख्यतः आपल्याच वयोगटातली मुलं, आणि नेमकी तीच कुणाच्या रजिस्टरला नसतात. गावच्या अंगणवाडीला वाटतं टोळीबरोबर गेली, इथल्या अंगणवाडीला वाटतं आपल्या गावची नाहीत. आई पहाटे चारला कोपी, म्हणजे टोळीची झोपडी, सोडते, आपली अंगणवाडी उघडते त्याआधी फडात निम्मा दिवस उलटलेला असतो. मग तान्हं झोळीत, तीन वर्षांचं पाचटावर, आणि त्यांना बघायला सात-आठ वर्षांची बहीण. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पेटवलेलं पाचट, उघड्या विहिरी हे सगळं भोवती असतं. यातून काय होऊ शकतं ते मी लिहीत नाही, तुम्ही बघितलं असेल.

आम्ही एका हंगामात टोळीच्या मुकादमाला पकडलं. आयांना नव्हे, मुकादमाला, कारण टोळीचं वेळापत्रक त्याच्या हातात असतं. त्याला म्हटलं, सकाळी एक गाडी फडाकडे जाताना अंगणवाडीवरून जाऊ दे, पोरं सोड. पोरं सांभाळायच्या कटकटीतून बाया मोकळ्या झाल्या की तोडणी वाढते, हे त्याला लगेच पटलं. न्यायाच्या भाषेत पटलं नसतं, टनाच्या भाषेत पटलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. लहान भावंडाबरोबर येणारी मोठी बहीणही आली तर तिला हाकलू नका. तिचं वय जास्त म्हणून आहाराच्या यादीत बसत नाही हे खरं, पण तिला बसू द्या आणि जवळच्या शाळेच्या गुरुजींना कळवा. कोसबाडला तान्हं, बालवाडीतलं मूल आणि शाळेच्या वयाची बहीण यांना एकाच छताखाली का आणलं होतं, ते इथे कळतं.

आणि भाषेकडे लक्ष द्या, हे मला फार उशिरा उमगलं. आमच्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला, बंजारा टोळीतला. तीन आठवडे एक शब्द बोलला नाही. नाव विचारलं तरी खाली बघायचा. सेविकेने विकासाच्या तक्त्यात ‘भाषा: मागे’ अशी खूण केली, मी तपासणीत सही केली. एके दिवशी मी दारात चप्पल घालत होते आणि आत तो त्याच्या बहिणीशी बोलत होता: गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, घडाघडा, हातवारे करून, मध्येच हसत. तो मागे नव्हता, आम्हाला त्याची भाषा येत नव्हती. मी ती खूण खोडली आणि पुढे मोकळ्या जागेत लिहिलं, ‘सेविकेला गोरमाटी येत नाही.’ कार्यालयात हसले काही जण. पण तक्त्यातला तो दोष कुणाचा हे कुठंतरी लिहिलं जायला हवं होतं.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारला भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. कोरकू तर मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही. त्या मुलाला ‘लाल रंग दाखव’ म्हणून तपासणं म्हणजे आपल्याला तमिळमध्ये विचारून नापास करणं. तुमच्याकडे टोळीतली मुलं आली तर पहिल्या आठवड्यात आयांकडून दहा-बारा शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय, आई, ये, बस. तेवढ्यावर मूल रडायचं थांबतं. एखादं अंगाईगीत कुणा आईकडून शिकून सगळ्या मुलांना म्हणायला लावा. गावातल्या मुलांना ते ‘वेगळं गाणं’ म्हणून आवडतं आणि त्या मुलाला कळतं की आपल्या घरचा आवाज इथं चालतो.

तिसरी अडचण एबीसीडीची. इथे मी पालकांना हिणवणार नाही, कारण त्यांचं गणित चुकीच्या जागेवरून आलेलं नाही. ज्याला इंग्रजी आलं त्याची नोकरी लागली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. सुशिक्षित घरातल्या मुलाला खेळातून शिकू देणं परवडतं, कारण त्याच्या घरी पुस्तकं, गप्पा, इंग्रजी सगळं आहेच. आमच्या पोराला मात्र तुम्ही नुसतं खेळवता, असा त्यांचा संशय असतो. संशय अगदीच खोटा नाही. मी अशा अंगणवाड्या बघितल्यात जिथं ‘खेळातून शिक्षण’ म्हणजे पोरं सतरंजीवर आणि ताई रजिस्टरात. तीन रजिस्टरं, एक मोबाइल, सर्वेक्षणं, मतदार यादी हे सगळं करून ताईला मुलांशी बोलायला वेळ कुठून मिळणार, हा वेगळा विषय. पण पालकाला त्याचं काय! त्याला दिसतं ते खरं.

म्हणून पालकांना ‘लिहायची घाई करू नका’ असा उपदेश करण्याआधी आपण काय देतो ते दाखवायला हवं. महिन्यातून एकदा पालकांना अर्धा तास आत बसवा आणि त्यांच्यासमोर एक गोष्ट सांगा, मग मुलांना विचारा: पुढे काय झालं असेल? का? तू असतास तर काय केलं असतंस? चार वर्षांचं पोर लांबलचक उत्तर देतं तेव्हा बापाचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग चिंचोके मोजणं, पानं लावणं, मातीचे गोळे करणं दाखवा आणि सांगा, की बोटांत जोर आला की अक्षर आपोआप वळणदार येतं. इंग्रजीची दोन गाणी म्हणायलाही काही हरकत नाही, धर्म बुडत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ओळी गिरवून घेणं आणि चुकलं की हातावर पट्टी मारणं, याला मात्र ठाम नाही म्हणा. खेळ हा मुलाचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये लिहिलंय, आणि भारताने ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केलीय. पालकांना हे कलम सांगू नका. तुम्हाला माहीत असू द्या.

आता कायद्याबद्दल, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की कायदा आपल्या बाजूने आहे का. अर्धा आहे. मूळ घटनेतलं कलम ४५ चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या मोफत शिक्षणाबद्दल होतं. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचं शिक्षण हा मूलभूत हक्क केला, आणि सहाच्या आतल्यांना कलम ४५ मध्येच, मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवलं. म्हणजे राज्याने प्रयत्न करावा, पण कोर्टात जाऊन मागता येणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदाही ‘बालक’ म्हणतो ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला. तीन ते सहाच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल त्याचं कलम ११ एवढंच म्हणतं, की शासन व्यवस्था करू शकेल. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतलं अंतर सेविकेइतकं कुणाला माहीत असणार? अपंग मुलांचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांसाठी आहे, जेव्हा ऐकू न येणाऱ्या किंवा उशिरा चालणाऱ्या मुलाला मदतीची खरी गरज तिसऱ्या वर्षाच्याही आधी असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती काढली, ती मागवून घ्या, उपयोगी आहे.

थोडक्यात, आपल्या वयोगटात खिचडीचा हक्क मागता येतो, गोष्टीचा नाही. तीन वर्षांच्या मुलाचा मेंदू सहाव्या वाढदिवसाची वाट बघत थांबत नाही, पण कायदा थांबतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो ही तीन वर्षं विकत घेतो. शिक्षण हक्क कायद्यातलं, खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के राखीव जागांचं कलम, शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असले तर त्यांनाही लागू होतं, एवढीच एक फट. ती बुजवायचाही प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तुमच्या भागातल्या ज्या घरांना खरंच खासगी शाळेत घालायचंय, पण फी परवडत नाही, त्यांना हा अर्ज भरायला मदत करा. आपली पटसंख्या कमी होईल म्हणून माहिती दडवणाऱ्या सेविका मी बघितल्यात. ते बरोबर नाही.

मध्येच एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. कुपोषित मुलाचा वजनकाट्यावरचा, उघड्या अंगाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची पद्धत काही ठिकाणी पडलीय, नावासकट, ‘सॅम’ (म्हणजे अतितीव्र कुपोषित) लिहून. त्या गटात सरपंच असतो, दोन-चार पुढारी असतात, कुणाकुणाचे नवरे असतात. तुमच्या मुलाचा असा फोटो गावभर गेला तर चालेल का? वरून मागणी आली तर आकडा पाठवा, चेहरा नको.

तुमच्या मानधनाबद्दलही लिहिते, नाहीतर हे सगळं ऐकायला गोड आणि करायला फुकटचं वाटेल. ज्या देशात सेविकेच्या कष्टाला पगार न म्हणता मानधन म्हणतात, तिथं सेविकेकडून एवढ्या न्यायाची अपेक्षा करताना मलाच संकोच होतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसींना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि तरीही डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या बायकांना संपावर जावं लागलं, तो पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या काळात मला एका पत्रकाराने विचारलं होतं, मुलांचं नुकसान होतंय असं नाही वाटत? वाटत होतं. एरवी होतं त्याबद्दल मात्र त्यांनी काही विचारलं नाही.

आता टोळ्यांच्या मुलांसाठी एक काम लगेच करण्यासारखं आहे. त्यांच्या कोप्या तुमच्या अंगणवाडीपासून किती लांब आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. पायी येण्याजोगं अंतर असेल तर वर सांगितलं तसं करा. पण लांब असेल, किंवा गावातलीच एखादी कायमची वस्ती, पारध्यांचा पाल म्हणा, तांडा म्हणा, अंगणवाडीविना असेल, तर तिथली सहाच्या आतली मुलं मोजा. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की अशा वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि लोकांनी मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. ‘मागणीनुसार अंगणवाडी’ असंच त्याला म्हणतात. अर्ज तुम्ही करू नका, नोकरीवरच्या बाईने केलेला अर्ज दाबायला सोपा असतो. वस्तीतल्या आयांना करू द्या. साधा कागद, वर वस्तीचं नाव, खाली मुलांची नावं आणि वयं, आयांच्या सह्या किंवा अंगठे, आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचा पत्ता. मुलं ४० च्या आत भरली तर मिनी अंगणवाडी मागा. दोन प्रती न्या आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू देऊ नका. आम्ही पहिल्यांदा पोच घेतली नव्हती, आणि चार महिन्यांनी त्याच बायकांचे अंगठे पुन्हा गोळा करायला गेलो तेव्हा त्यातल्या निम्म्या फडावर गेल्या होत्या.